प्रवराकाठची गव्हाण

आज तुम्हाला प्रवरेच्या काठाकाठाने घेऊन जायचे आहे. देवदर्शनाला नव्हे, गोठे पाहायला.

भंडारदऱ्यापासून निघू. इथले धरण १९२६ साली पुरे झाले. आजूबाजूच्या अकोले तालुक्यात डोंगरउतारावर डांगी गाई चरताना दिसतील. अंगावर काळे-पांढरे ठिपके, आणि धो धो पावसालाही न भिणारी जात. दूध बेताचेच, पण मागणेही बेताचे. रानातले दहा तऱ्हेचे गवत नि पाला खाऊन त्यांचे भागते.

आता पाण्याबरोबर खाली या. ओझरच्या बंधाऱ्यापाशी नदीच्या दोन्ही अंगांना कालवे फुटतात आणि कालव्यामागून ऊस येतो. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. उसामागून संकरित गाई आल्या. दिवसाला पंधरा लिटर दूध देणारी गाय इथे नवलाची राहिलेली नाही. किराणा आणि पोरांची फी या गाईच्या दहा दिवसांच्या पगारातून निघते.

हंगामात आलात तर रस्ता उसाच्या गाड्यांनी भरलेला दिसेल. फडाच्या कडेला तोडणीवाल्यांच्या कोप्या, आणि कोप्यांपुढे वाढ्यांच्या पेंढ्या रचलेल्या. उसाचा हिरवा शेंडा तो वाढा. तोडणीवाले तो आपल्या बैलांना घालतात आणि उरलेला शेकड्यावर विकतात. दारात आलेला हिरवा चारा कोण सोडील? मग चार-पाच महिने गव्हाणीत सकाळ-संध्याकाळ वाढेच वाढे. गव्हाण हिरवीगार, गाईचे पोट भरलेले. मालकाला वाटते, काही कमी नाही.

कमी आहे ते डोळ्यांना दिसत नाही. वाढ्यात प्रथिने थोडी असतात, आणि ऑक्झलेट नावाचा एक पदार्थ असतो. तो खाद्यातल्या कॅल्शियमला घट्ट धरतो आणि शेणावाटे बाहेर नेतो. इकडे एक लिटर दुधाबरोबर सुमारे १.२ ग्रॅम कॅल्शियम कासेतून निघून जाते. पंधरा लिटरचा हिशेब करा: अठरा ग्रॅम, रोजच्या रोज. खाद्यातले सगळे काही अंगी लागत नाही, म्हणून पोटात त्याच्या दुपटीहून जास्त जावे लागते. तेवढे मिळाले नाही तर गाय स्वतःच्या हाडांतून काढून देते. काही दिवस दूध टिकते, मग उतरते, आणि पुढच्या वेताला सगळे उघडे पडते.

तिसऱ्या-चौथ्या वेताची चांगली दुधाळ गाय विते आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत खाली बसते. मान पोटाकडे वळवलेली, कान गार. याला दुग्धज्वर म्हणतात, पण ज्वर नसतोच, अंग उलट थंड पडते. अशा वेळी घरात जी धावपळ होते ती गोठेवाल्यालाच ठाऊक. एक मात्र पक्के ध्यानात ठेवा: बसलेल्या गाईला बाटलीने काही पाजू नका, ते फुप्फुसात जाते. डॉक्टरांना बोलवा. ते शिरेतून सावकाश कॅल्शियम देतात आणि बहुतेक गाई थोड्या वेळात उठून उभ्या राहतात. उशीर झाला तर गाय हातची जाते.

म्हणून कुणी सांगतील, विण्याआधीपासूनच कॅल्शियमच्या बाटल्या सुरू करा. हे उलटे आहे, बरे का! शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत भरपूर कॅल्शियम मिळाले की हाडांतून ते काढण्याची शरीराची सवय सुस्तावते, आणि चीक सुटताच एकाएकी मागणी वाढली की गाय सापडते. बाटली द्यायची ती व्याल्यानंतर.

मग रोजचे काय? या काठावर घास चांगला येतो. लसूणघासात कॅल्शियम भरपूर आणि प्रथिनेही. उसाच्या बांधाला दोन-चार वाफे घासाचे असले तर वाढ्याची निम्मी उणीव तिथेच भरते. नुसता ओला घास मात्र उपाशी पोटी टाकू नका, पोट फुगते. वाढे घालायचेच तर कुट्टी करून, त्यावर चुन्याची निवळी शिंपडून, कडब्यात मिसळून घाला. आणि दुभत्या गाईला दिवसाला पन्नास ग्रॅम क्षारमिश्रण द्या. त्यातून कॅल्शियम दहा ग्रॅमच्या आसपासच मिळते, पण फॉस्फरस, तांबे, जस्तही मिळते. गाय चिंध्या नि हाडे चघळते, पुन्हा पुन्हा उलटते, त्यामागे पुष्कळदा यांचीच कमतरता असते.

क्षारमिश्रणाने दूध आठवड्यात दुप्पट होईल असे कुणी सांगितले तर ऐकू नका. जी उणीव होती तेवढीच ते भरते. पेंड-भुस्सा आपल्या जागी हवाच: अंगपोषणाला दीड-दोन किलो आणि वर दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. पाणी तर गाईपुढे सदा हवे.

चैत्रात कारखान्यांचे पट्टे पडतात, कोप्या उठतात, वाढे संपतात. त्या सुमाराला गाभण असलेली गाय पावसाळ्यात विणार. तिच्या हाडांतून हंगामभर जे गेले, ते भरायला हेच तीन-चार महिने हाताशी असतात.