अमरावतीचा स्तूप आणि कर्नल मॅकेन्झी

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा आंध्रात पोचेपर्यंत ऐसपैस होते. तिच्या दक्षिण तीरावर, गुंटूरहून तासाभराच्या अंतरावर अमरावती आहे. बसमधून उतरलेले भाविक अमरेश्वराच्या देवळाकडे जातात; जवळच्या महाचैत्याकडे थोडेच वळतात.

तिथे उरलंय ते विटांचं बुटकं वर्तुळ आणि काही शिळा. दीड हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी इथे दक्षिणेतला एक भव्य बौद्ध स्तूप उभा होता.

अठराव्या शतकाच्या अखेरीस वासिरेड्डी वेंकटाद्री नायुडू या जमीनदाराने इथे नवं गाव वसवायला घेतलं. बांधकामासाठी ‘दीपालदिन्ने’ नावाची टेकडी खणली, तेव्हा कोरीव शिळा निघाल्या. ही वार्ता कॉलिन मॅकेन्झीच्या कानी पडली आणि तो त्या पाहायला आला.

स्कॉटलंडच्या लुइस बेटावरच्या स्टॉर्नोवे गावचा हा माणूस 1783 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात नोकरीला मद्रासेत आला. श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात तो लढला. टिपू पडल्यावर म्हैसूरच्या मोजणीचं काम त्याच्याकडे आलं. नकाशे कंपनीला राज्य चालवायला हवे होते. मॅकेन्झी मात्र मोजणीबरोबर शिलालेख, नाणी, बखरी, गावोगावच्या कैफियतीही गोळा करत राहिला.

भारतीय भाषा त्याला येत नव्हत्या. वाचायचे, विचारायचे, उतरवून घ्यायचे ते कावली वेंकट बोरय्या, त्यांचे भाऊ लक्ष्मय्या, तसेच नारायणराव यांच्यासारखे सहकारी. या संग्रहात मराठी कागदही आहेत. बोरय्या 1803 साली तरुणपणीच गेले; हे काम पुढे चालवलं लक्ष्मय्यांनी. मॅकेन्झीचं नाव घेताना ही नावं गाळणं अन्यायाचं आहे.

1816 साली तो पुन्हा अमरावतीला आला, तेव्हा भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला होता. दरम्यान बऱ्याच शिळा इमारतींत गेल्या होत्या आणि स्तूपाच्या मधोमध तलाव खणला गेला होता. त्याने चित्रकार कामाला लावले, आराखडा काढला, एकेक शिळा कागदावर उतरवून घेतली.

त्यांतल्या कित्येक शिळा पुढे नाहीशा झाल्या. त्या आज फक्त या चित्रांतच पाहायला मिळतात. वाचलेल्यांपैकी बऱ्याच चेन्नई आणि लंडनच्या संग्रहालयांत आहेत. काही शिळांवर खुद्द स्तूपच कोरलेला आहे: घुमट, कठडा, प्रदक्षिणा घालणारे उपासक. त्यांवरूनच अभ्यासकांना मूळ रूपाची कल्पना करता येते.

मॅकेन्झी 1821 साली वारला. त्याचा संग्रह कंपनीने त्याच्या विधवेकडून विकत घेतला. त्यातली हजारो हस्तलिखितं आज चेन्नईत आहेत, आणि दक्षिणेतल्या गावांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक बोरय्या-लक्ष्मय्यांनी जमवलेल्या त्या कैफियती अजूनही वाचतात.