सहीपूर्वीचे वाचन

२०१४ सालच्या हिवाळ्याच्या तोंडाशी, सॅन डिएगो शहरातील आमच्या नेहमीच्या किराणा दुकानाबाहेर मी एका कागदावर जी सही केली, तिची आठवण मला अद्यापही अस्वस्थ करते. दाराशी घडीचे मेज मांडून एक तरुण उभा होता. "प्लॅस्टिक पिशव्यांच्या बंदीचा निर्णय लोकांनाच करू द्या," एवढेच तो अत्यंत नम्रतेने म्हणाला. नागरिकत्व मिळून मला फार काळ लोटला नव्हता, आणि आपले मत कोणी आपण होऊन मागावे, याचेच मनाला अप्रूप होते. लोकांना विचारण्यात अनुचित ते काय, असे म्हणून मी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या, नाव-पत्ता लिहिला आणि सही करून मोकळी झाले. वरचा मजकूर मी वाचला नाही.

वाचला असता, तर तो अर्ज विधिमंडळाने संमत केलेल्या कायद्याविरुद्ध सार्वमत मागण्यासाठी आहे, हे मथळ्यातच स्पष्ट झाले असते. त्याच सप्टेंबरात गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी मंजुरी दिलेला तो कायदा जुलै २०१५ पासून मोठ्या दुकानांना लागू व्हायचा होता. परंतु कॅलिफोर्नियात अशा अर्जावर पुरेशा सह्या पडल्या, की मतदान होईपर्यंत कायद्याचा अंमल आपोआप तहकूब होतो. ५,०४,७६० वैध सह्यांची गरज होती. त्या भरल्याचे फेब्रुवारीत जाहीर झाले, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनी कायदा कायम केला तोवर अंमलाच्या ठरलेल्या तारखेनंतरचे सोळा महिने निघून गेले. ज्या मुलीबरोबर मी रविवारी समुद्रकिनाऱ्यावर वाळूत रुतलेल्या पिशव्या गोळा करीत असे, तिने विचारले, "आई, तू तर या कायद्याच्या बाजूची ना?" मला उत्तर देता आले नाही. अर्ज दाखल होण्यापूर्वी काउंटीच्या निवडणूक अधिकाऱ्याकडे लेखी मागणी केली, तर केलेली सही काढून घेता येते, हेही मला कळले ते मुदत टळून गेल्यावर. त्या तरुणाने असत्य असे काहीच सांगितले नव्हते. उरलेले सत्य कागदावर होते आणि ते वाचण्याचे काम माझे होते.

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, वाईच्या कचेरीबाहेर अर्जनवीस होते. खरेदीखत असो, गहाणखत असो की साधा तक्रारअर्ज, ते तो दस्तऐवज पक्षकाराला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्याने वाचून दाखवीत, आणि गावाकडची गाडी चुकेल म्हणून शेतकरी घाई करू लागला, तर शाईची डबी आपल्याकडे ओढून घेऊन म्हणत, "अंगठा एकदाच उठतो, दादा. आधी ऐका." त्या माणसांना अक्षरओळख नव्हती, तरी अंगठ्याखाली काय लिहिले आहे हे जाणून ते घरी जात, आणि मी मात्र दोन भाषांत शिक्षण घेऊनही ते न जाणता सही केली होती.

त्यानंतर मी सह्यांच्या अर्जांच्या या व्यवस्थेचा अभ्यास केला, आणि तिच्याविषयीचा आदर वाढला. रेल्वे कंपनीच्या मुठीत गेलेल्या राज्यकारभाराला शह देण्यासाठी गव्हर्नर हायरम जॉन्सन यांच्या कारकिर्दीत, १९११ साली, कॅलिफोर्नियाच्या जनतेने स्वतः कायदा प्रस्तावित करण्याचा आणि विधिमंडळाचा कायदा मतदानास आणण्याचा अधिकार मिळवला. गव्हर्नरपदाच्या मागील निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्यांनी नव्या कायद्याचा आणि ८ टक्के सह्यांनी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतपत्रिकेवर येतो. सह्या गोळा करणारा पगारी असू शकतो, आणि तसे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, ही सूचना अर्जावरच छापलेली असते; ॲटर्नी जनरलने तयार केलेला सारांश असतो; २०२० पासून प्रमुख देणगीदारांची नावेही अर्जावर किंवा सोबतच्या पत्रकावर दाखवावी लागतात. म्हणजे वाचणाऱ्यासाठी कायद्याने पुष्कळ तजवीज करून ठेवली आहे. वाचायचे मात्र त्याचे त्यानेच.

गेल्या वर्षी त्याच दाराशी आमच्या शेजारच्या काकू माझ्यासोबत होत्या. सत्तरीत नागरिकत्व घेतलेल्या त्या माउलीपुढे एका तरुणाने कागद धरला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले. "अगं, करू का सही? बिचारा उन्हात उभा आहे." मी तो अर्ज हाती घेतला, त्या तरुणाला तो पगारी आहे का हे विचारले, तोही मोकळेपणाने "हो" म्हणाला, आणि मग भिंतीच्या सावलीत उभी राहून मी सारांश, देणगीदारांची नावे आणि पुढचा मूळ मजकूर, कलमामागून कलम, काकूंना मराठीत सांगत गेले. माझे स्वतःचे मत मी सांगितले नाही. दोनदा त्यांनी मला थांबवून तेच कलम पुन्हा सांगायला लावले. पाऊण तास गेला. शेवटी त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "हे मला पटत नाही. नाही करत." सही न करता परत दिलेला तो कागद त्या तरुणाने शांतपणे चळतीवर ठेवला, आणि नानांनी शाईची डबी ओढून का घ्यावी, ते मला इतक्या वर्षांनी, इतक्या दूरवर, पुरते उमगले.