योजनेत बसतं का?

सार्वजनिक पैशातून खाजगी रुग्णालयात उपचार ही व्यवस्था महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती २ जुलै २०१२ रोजी, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने. आधी आठ जिल्हे, पुढच्या वर्षी सगळे राज्य. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले आणि पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. सुरुवातीला कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. २०२३ च्या निर्णयाने ते पाच लाखांवर गेले आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांबरोबर पांढरीही आत आली. पैसे रुग्णाच्या हातात पडत नाहीत. प्रत्येक उपचाराचा दर, म्हणजे पॅकेज, आधीच ठरलेला असतो आणि तो ‘अंगीकृत’ रुग्णालयाला परस्पर मिळतो. अंगीकृत हा सरकारी कागदावरचा शब्द; दवाखान्याच्या दारात तो कोणी उच्चारत नाही. तिथे विचारतात, ‘‘योजनेत बसतं का?’’

खाजगी आणि सरकारी यांच्या या सरमिसळीविषयी लोकांना काय वाटते, हे पुष्कळदा या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरावरच ठरते. प्रस्तुत लेखिकेने ते मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी, वडिलांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून, सहा दिवस ऐकले.

वडील ७१ वर्षांचे, कोरडवाहू शेतकरी, शिधापत्रिका केशरी. पहाटे छातीत दुखू लागल्यावर त्यांना तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेण्यात आले. ईसीजी निघाला, औषध मिळाले, १०८ ची रुग्णवाहिका आली. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे केसपेपरचेसुद्धा पैसे पडले नाहीत. पण अँजिओप्लास्टीला कॅथलॅब लागते आणि ती जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात नव्हती. पुढच्या चौकातल्या खाजगी रुग्णालयात होती. सरकारी की खाजगी हा वाद सामान्य कुटुंबापुरता त्या चौकाएवढाच असतो. यंत्र तिकडे आहे, म्हणून माणूस तिकडे जातो.

रुग्णालयाच्या दर्शनी भागात आरोग्यमित्राचे टेबल असते. कागद तपासणे, नोंदणी करणे आणि मंजुरीसाठी प्रकरण पुढे पाठवणे हे त्याचे काम. शिधापत्रिका घरी राहिली होती. पुतण्याने तिचा फोटो फोनवर पाठवला. त्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एका अक्षराचा फरक निघाला. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी मिळू शकते आणि इथे तसेच झाले, तरी त्या एका अक्षरासाठी थोरल्या भावाने दोन तास जी धावपळ केली, ती त्याच्या मनात आजाराहून ठळक राहिली आहे.

त्याच सुमारास काउंटरवरच्या एका माणसाने हळू आवाजात सुचवले की योजनेतला स्टेंट ‘साधा’ असतो, वरचे पैसे भरले तर ‘चांगला’ बसवता येईल. खाजगी आणि सार्वजनिक पैसा नेमका कुठे मिसळू नये, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही. योजनेतला उपचार रोकडरहित असतो; मंजूर पॅकेजच्या वर रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. शिवाय फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत करांशिवाय २९,६०० रुपये ठरली होती. हे भावाला ठाऊक नव्हते. त्याने खिशात हात घातला होता. आरोग्यमित्राने डोळ्यांनीच नको म्हटले आणि विषय तिथेच संपला. तक्रारीचा १५५३८८ हा क्रमांक मागच्या भिंतीवर लिहिलेला होता. तो कोणी फिरवला नाही. माणूस आत टेबलावर झोपलेला असताना बाहेरचे कुटुंब तक्रार करत नाही, आणि समाधानी रुग्णांच्या आकड्यांत हे मौनही मोजले जात असणार.

वॉर्डात मात्र मते मोकळी होती. पलीकडच्या खाटेवरचे निवृत्त एसटी वाहक म्हणत, ‘‘सरकार पैसे देतंय म्हणून यांनी आत घेतलं, नाहीतर दारात उभं केलं नसतं.’’ रोख भरून आलेल्या एका कापूस व्यापाऱ्याचा हिशेब उलटा होता: योजनेत रुग्णालयाला होणारा तोटा आपल्या बिलातून भरून काढला जातो, अशी त्यांची खात्री होती. डॉक्टरांची कुरकूर तिसरीच. पॅकेजचे दर अपुरे आणि पैसे उशिरा. ‘‘हाच पैसा सरकारी दवाखान्यात घातला असता, तर इथं कशाला आलो असतो?’’ हे मत एका रुग्णाच्या सुनेचे. ती आशा कार्यकर्ती होती आणि बोलताना इकडेतिकडे पाहून बोलायची. चौघांचेही आपापल्या जागेवरून बरोबर होते, पण सुनेच्या प्रश्नाला उत्तर द्यायला वॉर्डात कोणीच पुढे आले नाही.

खाजगीकडे लोकांचा ओढा जुनाच आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधल्या फेरीनुसार देशात बाळंतपणे वगळता दाखल रुग्णांपैकी सुमारे ५५ टक्के खाजगी आणि ४२ टक्के सरकारी रुग्णालयांत होते. त्याला निव्वळ पसंती म्हणणे धाडसाचे ठरेल. धर्मादाय रुग्णालये ही याच सरमिसळीची आणखी जुनी शाखा. महाराष्ट्रात त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वॉर्डातल्या कोणालाच त्याची कल्पना नव्हती.

सहाव्या दिवशी सुटी मिळाली. बिलाच्या जागी एक सही घेण्यात आली. घरी आल्यावर पारावर विचारपूस झाली: कोणता दवाखाना, डॉक्टर कसा, किती लागले. वडिलांनी सगळ्यांना एकच उत्तर दिले, ‘‘योजनेत बसलं.’’ दवाखाना सरकारी की खाजगी, हे त्यांनी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

सुटीनंतरची औषधे योजनेतून मोजक्याच दिवसांची मिळतात. त्यानंतर रक्तदाबाची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रातून येते आणि रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी, केंद्रात ती नसते तेव्हा, तालुक्याच्या मेडिकलमधून विकत आणली जाते. दोन्ही एकाच डबीत ठेवलेल्या असतात.