लाव्याच्या पिल्लांना ऊब देताना



लावा पक्ष्याचं एका दिवसाचं पिल्लू तुम्ही कधी तळहातावर घेतलं आहे का? घेतलं नसेल तर खिशातलं दहा रुपयांचं नाणं हातावर ठेवून बघा. पिल्लाचं वजन साधारण तेवढंच असतं, सात ते आठ ग्रॅम. कोंबडीचं पिल्लू जन्मतः चाळीस ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे लाव्याची पाच पिल्लं एकत्र केली तर कुठे कोंबडीचं एक पिल्लू होईल!

एवढ्याशा जिवाला जगायला पहिल्यांदा काय लागतं? अन्न? पाणी? तीही लागतातच. पण अंड्यातला पिवळा बलक पोटात घेऊनच पिल्लू बाहेर येतं, त्यावर त्याचा पहिला दिवस निभावतो. ऊब मात्र त्याला पहिल्या तासापासून लागते.

आपल्याकडे पाळतात तो जपानी लावा. काही भागात त्याला बटेर म्हणतात. भारतात हे पक्षी 1974 साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरला आणले गेले. (रानातले लावे पकडणं हा मात्र कायद्याने गुन्हा आहे, हे लक्षात ठेवा.) पिढ्यान् पिढ्या माणसाजवळ राहून हा पक्षी एक गोष्ट जवळजवळ विसरला आहे. त्याची मादी अंडी भरपूर देते, पण गावठी कोंबडीसारखी खुडूक होऊन अंड्यांवर बसत नाही. म्हणून अंडी यंत्रात उबवावी लागतात. सतरा-अठरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि तिथे त्यांना पंखाखाली घ्यायला आई नसते. आईच्या पंखाचं काम जी पेटी करते, तिलाच ब्रूडर म्हणतात.

मी सातवीला विज्ञान शिकवते. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईने बचत गटाचं कर्ज काढून लाव्याची शंभर पिल्लं आणायचं ठरवलं. जानेवारी महिना, जुन्नरकडची थंडी. घरात कमावणारी ती एकटीच. ती मला म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या. पिल्लं जगतील असं काहीतरी सांगा. मेली तरी हप्ता काही थांबायचा नाही."

मग आम्ही तिघांनी मिळून ब्रूडर केला. महागाचं काही नव्हतं. पत्र्याची लांब पट्टी गोल वळवून दीड फूट उंचीचं कडं केलं. गोल का? चौकोनी खोक्यात पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. कड्यात दोन इंच भाताचं तूस पसरलं आणि त्यावर पोत्याचं खरखरीत कापड अंथरलं. गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलं तर पिल्लांचे पाय घसरतात, फाकतात आणि मग सरळ होत नाहीत. वर दोन बल्ब टांगले, म्हणजे एक उडाला तरी दुसरा चालू राहील. बल्ब जुन्या पद्धतीचे, तारेचे, पिवळ्या उजेडाचे. एलईडी बल्ब उजेड छान देतो, पण त्याच्या उजेडात ऊब नसते. पिल्लं यायच्या आदल्या दिवशीच बल्ब लावून ठेवले, म्हणजे तूस आणि जमीन आतून तापते.

पाण्याचं भांडं अगदी उथळ घेतलं आणि त्यात स्वच्छ धुतलेले खडे टाकले. कारण एवढं लहान पिल्लू बशीभर पाण्यातही बुडतं. बुडालं नाही तरी भिजतं, आणि भिजलेलं पिल्लू थंडीनेच जातं.

आता यामागचं विज्ञान बघू. चहा कपात ठेवला तर बराच वेळ गरम राहतो, बशीत ओतला की लगेच निवतो. चहा तोच, पण बशीत त्याचा जास्त भाग हवेला लागतो. लहान शरीराचंही तसंच आहे. आकार जितका लहान, तितकी वजनाच्या मानाने त्वचा जास्त, आणि तितकी उष्णता भराभर निघून जाते. त्यात पिल्लाच्या अंगावर खरी पिसं नसतात, नुसती लव असते. आणि शरीराचं तापमान स्वतः राखायची ताकद यायला दोनेक आठवडे जावे लागतात. तोपर्यंत ऊब बाहेरूनच द्यायची. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर साधारण 35 ते 37 अंश सेल्सिअस, आणि मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी.

आम्ही तापमापी लावली होती. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मुलगा पळत आला. "बाई, काटा बरोबर आहे, पण पिल्लं बरोबर नाहीत."

जाऊन बघितलं. काटा छत्तीसवर, आणि सगळी पिल्लं कड्याच्या एकाच बाजूला दाटीवाटीने उभी. वारा फिरला होता आणि दाराच्या फटीतून गार झोत थेट आत येत होता. तापमापी होती दुसऱ्या बाजूला, तिला त्या वाऱ्याचा पत्ताच नव्हता! फटीत गोणपाट कोंबलं, आणि दहा मिनिटांत पिल्लं पुन्हा पसरली.

मित्रांनो, पिल्लं बोलत नाहीत, पण ती कुठे उभी आहेत यावरून सगळं सांगतात. बल्बखाली गठ्ठा करून मोठ्याने चिवचिवाट चालला असेल, तर त्यांना थंडी वाजते आहे. बल्बपासून लांब, कडेला चिकटून, चोच उघडी आणि पंख सैल सोडलेले असतील, तर उकडतं आहे. बल्ब वर उचला. सगळी एकाच बाजूला असतील, तर झोत कुठून येतो ते शोधा. आणि काही खातायत, काही पितायत, काही पाय ताणून खुशाल आडवी झोपलीयत, आवाज हळू आहे, तर सगळं ठीक. ही आडवी झोपलेली पिल्लं बघून नवखा माणूस घाबरतो, त्याला ती मेलीच वाटतात. बोटाने हळूच शिवलं की टुणकन उठतात.

पाचव्या रात्री दीडच्या सुमारास लाईट गेली. मुलगा मला बोलवायला आला. आम्ही पोचलो तोवर त्याच्या आईने चुलीवर पाणी तापत ठेवलं होतं. प्लास्टिकच्या बाटल्यांत गरम पाणी भरलं, त्यांवर जुन्या लुगड्याचे तुकडे गुंडाळले आणि कड्यात ठेवल्या. वरून गोणपाट टाकलं, हवेला थोडी जागा ठेवून. त्याची आजी म्हणाली, "घमेल्यात निखारे ठेवते की." मी म्हटलं, "नको आजी, बंद खोलीत निखारे ठेवले की विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, कळतही नाही. पिल्लं जातील आणि आपणही जाऊ."

सगळ्यात अवघड काम मुलाकडे होतं. थंडी वाटली की पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढतात. दर थोड्या वेळाने हात घालून तो गठ्ठा हळूच मोकळा करायचा. टॉर्च दातात धरून तो बसला होता. आई बाटल्या बदलत होती. पाच वाजता लाईट आली. मोजली तर शहाण्णव. चार गेली होती. मुलगा काही बोलला नाही. त्याच्या आईने ती चार पिल्लं कागदात घेतली, परसात खड्डा करून पुरली आणि येऊन पाण्याची भांडी धुवायला बसली.

त्यानंतरचं काम उलटं होतं, ऊब हळूहळू काढून घ्यायचं. दुसऱ्या आठवड्यात बल्ब वर गेले. तिसऱ्या आठवड्यात पंखांवर आणि पाठीवर पिसं आली, तेव्हा दिवसा एकच बल्ब ठेवला. चौथ्या आठवड्यात रात्रीचाही काढला. आईला धाकधूक होती, "अजून चार दिवस ठेवू का?" पण पिल्लंच बल्बखाली जात नव्हती. गरज नसताना ऊब देत राहिलं तर ती सुस्तावतात, पाणी जास्त पितात, खातात कमी, आणि पिसंही नीट भरत नाहीत. सातव्या आठवड्यात पहिली ठिपक्याठिपक्यांची अंडी मिळाली. त्या महिन्याचा हप्ता वेळेवर गेला.

आता तुमच्यासाठी एक उपक्रम. एक मोठा तांब्या आणि एक लहान वाटी घ्या. मोठ्या माणसांच्या मदतीने दोन्हींत सारखंच गरम पाणी भरा. दर पाच मिनिटांनी तापमान मोजून वहीत लिहा. मग वाटीला जुन्या लोकरीच्या कापडाने गुंडाळून पुन्हा तेच करा. तिन्ही नोंदी शेजारी शेजारी मांडून बघा, आणि लाव्याच्या पिल्लाला पिसं येईपर्यंत ऊब का लागते, याचं उत्तर तुमच्या शब्दांत पाच ओळींत लिहा.