पत्ता पुसलेलं पत्र

२०२२ च्या दिवाळीच्या तोंडावर हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळकरी मुलाने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. अतिवृष्टीने पीक गेलं, घरात पैसा नाही, सणाला पुरणपोळी कशी होणार, सरकारने काही मदत करावी, असं त्याचं म्हणणं. बघता बघता ते पत्र महाराष्ट्रभर मोबाइलवर फिरलं. त्याच्या अक्षराचा फोटो, त्याचं नाव, त्याचं गाव, सगळं बातम्यांत आलं.

मी ते नाव इथे लिहीत नाही. शोधणाऱ्याला ते आजही सापडेल, आणि माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

त्या पत्राने केलेलं काम लहान नव्हतं. पंचनाम्याच्या कागदावर नुकसान टक्केवारीत मोजतात. ३३ टक्क्यांच्या आत आलं की मदतीच्या यादीतून नाव बाहेर. त्या रकान्यात पुरणपोळी बसत नाही. मुलाच्या पत्रात ती बसली, म्हणून लोकांनी ते वाचलं आणि पुढे पाठवलं. ते व्हायरल झालं नसतं तर सोयाबीन कुजलेल्या एका घराची दिवाळी कुणाच्या ध्यानात आली असती? मुलांनी लिहावं, आणि ते गावाबाहेर वाचलं जावं, याच्या विरोधात मी नाही.

पण त्या पत्राला मायना होता. ते एका माणसाला लिहिलेलं होतं. घरची नड त्याने मुख्यमंत्र्यांना सांगितली, कारण मदत करणं त्यांच्या हातात होतं. तीच नड राज्यातल्या प्रत्येकाला सांगायची का, हे त्याला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. हा मुलगा मोठा होईल. कॉलेजात जाईल, नोकरीला मुलाखत देईल, घरी सोयरिकीची बोलणी होतील. समोरच्याने मोबाइलवर त्याचं नाव टाकलं की पहिल्यांदा दिसणार ती त्या वर्षीची गरिबी. परिस्थिती बदलते, माणूस बदलतो; इंटरनेटवरचा मुलगा मात्र त्याच वर्गात बसून राहतो.

शाळेतलं लेखन पूर्वीही लोकांसमोर येत होतं. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे. वाचणारे कोण? त्याच छात्रालयातली मुलं. आमच्याकडच्या शाळांत भित्तिपत्रक असायचं. गॅदरिंगला आलेले पालक ते उभ्या उभ्या वाचायचे, आणि नवा अंक लागला की जुना कपाटावर जायचा. कविता फसली तरी लाज वर्गापुरती, आणि तीही परीक्षेपर्यंतच टिकायची. लिहायला शिकण्यासाठी इतका आडोसा लागतोच. कच्चं लिहिण्याची मुभा असल्याशिवाय पक्कं कोण लिहिणार?

मग जिल्हा परिषदेच्या शाळांत तंत्रस्नेही शिक्षकांची पिढी आली. पदरचे पैसे घालून त्यांनी शाळेचे ब्लॉग काढले, मुलांच्या कविता टाकल्या, व्हिडिओ चढवले. त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. मात्र हळूहळू फोटो हाच कामाचा पुरावा झाला. खिचडी शिजली, फोटो. झाड लावलं, फोटो. गणवेश वाटले, मुलांना रांगेत उभं करून फोटो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर राज्यभरच्या मुलांना मुख्यमंत्र्यांच्या पत्रासोबत सेल्फी काढून, घोषवाक्य लिहून, दोन्ही संकेतस्थळावर टाकायला सांगितलं गेलं. १८ लाखांहून अधिक फोटो जमले आणि गिनीज बुकात विक्रम नोंदला गेला. त्या फोटोंचं पुढे काय होणार, ते कुणी, किती दिवस सांभाळायचे, असं किती पालकांनी विचारलं असेल? विचारायचं असतं, हेच आपल्याला ठाऊक नाही. शाळेने मागितलं, दिलं.

खाजगीपणा हे शहरातल्या लोकांचं खूळ आहे, असं माझ्या ओळखीतले बरेच जण म्हणतात. गावात कुणाचं काय झाकलेलं असतं? मलाही याला लगेच उत्तर सुचायचं नाही. ते मला कळमनुरी तालुक्यातल्या एका मुलीने दिलं. तिच्या शाळेत मुलांचं लेखन वाचायला मला बोलावलं होतं. विषय होता 'माझं घर'. तिने लिहिलं होतं: आईवडील ऊसतोडीला गेलेत, घरी मी आणि आजी. आजीला रात्री दिसत नाही, म्हणून दिवाबत्ती आणि भाकरी माझ्याकडे. सगळ्या वर्गात तेवढाच एक निबंध छापील निबंधाच्या वाटेला गेला नव्हता. गुरुजी खूश झाले. म्हणाले, "हे आपण शाळेच्या पेजवर टाकू."

"वहीतच राहू द्या ना, सर."

"का गं? चांगलं लिहिलंस की."

"घरी आम्ही दोघीच असतो, हे सगळ्यांला कळंल."

गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली. खाजगीपणा म्हणजे काही तरी लपवणं, या समजाला एवढं एक वाक्य पुरेसं आहे. तिला लपवायचं काहीच नव्हतं. मला आणि गुरुजींना तिने सगळं वाचू दिलं होतं. कुणी वाचायचं, एवढंच तिला स्वतः ठरवायचं होतं.

देशातल्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालात न्या. संजय किशन कौल यांनी मुलांचा वेगळा विचार केला: लहानपणीच्या चुकांचं आणि भाबडेपणाचं ओझं मुलांनी जन्मभर का वाहावं, असा त्याचा आशय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं, त्याची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती सक्तीची केली. माहिती पुसून मागण्याचा हक्कही त्यात आहे. कायदा चांगला आहे, पण तो मुलाशी बोलत नाही. सही पालकांची. आणि आमच्याकडे पालक शाळेच्या कागदावर सही करतात ती गुरुजींवरच्या विश्वासाने, मजकूर वाचून नव्हे. कित्येकदा तर संमतीपत्र वाचून दाखवणारं घरातलं एकमेव माणूस ते मूलच असतं.

म्हणजे लिहिणं बंद करायचं का? मुळीच नाही. मराठीने यावर तोडगा फार पूर्वी काढून ठेवला आहे. ज्या नामदेवांचं जन्मगाव म्हणून आपण नर्सीला जातो, त्यांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईने दळण-कांडणापासून विठ्ठलाशी भांडणापर्यंत सगळं अभंगांत उघड केलं. पण शेवटी कोणत्या नावाने उभं राहायचं, ती मुद्रा तिची स्वतःची. कुसुमाग्रज, बालकवी, केशवकुमार, आपल्या कवितेची अर्धी परंपरा टोपणनावांची आहे. मग सातवीतल्या पोरीला टोपणनाव का नसावं? तिचा निबंध जगाने वाचावा; गाव, आडनाव, फोटो यांची त्याला गरज काय? टोपणनाव निवडायला सांगितलं की मुलं रंगतात, हे कुणीही शिक्षक करून पाहू शकतो. त्या खेळात एक गंभीर गोष्टही आपोआप शिकवली जाते: मी लिहितो तेव्हा मी किती दिसायचं, हे माझ्या हातात आहे.

आणि संमतीपत्रावर पालकांच्या सहीखाली आणखी एक ओळ छापावी. 'हे लेखन मी ________ यांच्यासाठी लिहिलं आहे.' रिकामी जागा मुलानेच भरायची. 'माझ्या वर्गासाठी', 'आजीसाठी', 'मुख्यमंत्र्यांसाठी', किंवा 'सगळ्यांसाठी'. शेवटचं उत्तर आलं तरच शाळेने मोबाइल हातात घ्यावा. आणि पुढल्या वर्षी त्या मुलाला आपलं उत्तर खोडायचं असेल, तर ते का, असं न विचारता खोडू द्यावं.