चाकोरी

मोटारसायकलच्या हँडलखाली, चेसीसच्या गळ्यात, दोन पोलादी वाट्या असतात हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? एक वर, एक खाली. त्यांत ग्रीसमध्ये बसवलेल्या गोळ्या, आणि त्या गोळ्यांवर हँडल, शॉकअप, पुढचे चाक असा सगळा डोलारा फिरतो. गॅरेजमध्ये याला ‘कोनसेट’ म्हणतात, कोणी ‘बॉल रेसर’ म्हणतात. सायकलच्या चिमट्यातही हेच असते.

आमच्या दादांची गाडी वीस वर्षांची आहे. टाकीवरचे नाव केव्हाच पुसले गेले. रोज पहाटे तिच्यावर दुधाचे कॅन डेअरीला जातात. मला तिला हात लावण्याची परवानगी फक्त धुण्यापुरती! गेल्या पावसाळ्यानंतर दादांनी बाजाराच्या दिवशी आईला मागे बसवणे बंद केले. मग गाडीला गिऱ्हाईक पाहण्याची भाषा सुरू झाली. कारण विचारले की गप्प. शेवटी आईनेच सांगितले, “त्येंला वाटतं आता हात कापत्यात. गाडी सरळ ऱ्हात न्हाई म्हन्त्यात. तू काही बोलू नको.”

दूध बंद झाले तर काय काय बंद होईल, हे मला कळत होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि माझी फी त्या कॅनमधूनच येते. त्या संध्याकाळी मी दादांचे हात पाहत बसलो. बशीत काठोकाठ चहा होता. तो जराही हिंदकळला नाही.

दुसऱ्या दिवशी देवगावच्या स्टँडजवळ गॅरेजवाल्या चाचांना गाठले. ते म्हणाले, “बेटा, पहले हँडल देख, बाद में बाप को देख.” त्यांनी सांगितले तसे मी गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिनखाली लाकूड देऊन पुढचे चाक अधांतरी केले. हँडल हळूच फिरवले तर बरोबर मधोमध ते खळीत पडल्यासारखे अडकले. शॉकअपच्या नळ्या खालून धरून पुढेमागे ओढल्या, तर टक्!

याचे कारण मोठे मौजेचे आहे. रस्ता बहुतेक सरळ, म्हणून हँडलही बहुतेक वेळ सरळच. प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक गतिरोधकावर त्याच गोळ्या त्याच जागी आदळतात. तिथले ग्रीस बाजूला सरते आणि वाटीला खळगे पडतात. खालच्या वाटीवर भारही जास्त, चिखलपाणीही जास्त, म्हणून ती आधी जाते. आता दुचाकी आपल्याला सरळ धावते असे वाटते, पण ती तशी कधीच धावत नाही. आपले हात नकळत तिला केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे सावरत असतात. खळग्यात बसलेले हँडल तेवढे केसभर हलत नाही, आणि जोर लावला की हवे त्याहून अधिक वळते. मग चालवणाऱ्याला वाटते, आपलेच हात बिघडले! (काही नव्या गाड्यांत गोळ्यांऐवजी निमुळते रोलर असतात. त्यांत भार एका ठिपक्यावर न पडता रेषेवर पसरतो.)

“नुसता नट आवळून टाका,” असे एक-दोघांनी सुचवले. चाचा ऐकेनात. आवळल्याने टक् थांबेल, पण खळगा कुठे जातो? उलट हँडल अधिकच धरेल. त्यांनी दोन्ही वाट्या ठोकून काढल्या आणि खालची पुसून दादांच्या हातावर ठेवली. दादांनी तिच्यावरून नख फिरवले. ओळीने खळगे लागले.

“ही तं चाकोरी पडली,” दादा म्हणाले. वंगणाशिवाय बैलगाडी दाराबाहेर न काढणारा माणूस! हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही.

नवी वाटी तिरपी बसू नये म्हणून तिच्यावर जुनी ठेवून चाचांनी बेताने ठोकली. ग्रीसमध्ये एकेक गोळी चिकटवली. नट आधी आवळला, मग किंचित सैल केला, आणि हँडल मधून जरा ढकलले. ते आपल्याच वजनाने अलगद एका बाजूला कलले, मग दुसऱ्या. दादांनी तेच पाच-सहा वेळा करून पाहिले.

गिऱ्हाइकाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. ती जुनी वाटी गोठ्यातल्या कोनाड्यात आहे. आल्यागेल्याला दादा ती आवर्जून दाखवतात. हातांबद्दल मात्र अवाक्षर काढत नाहीत.