फरिश्त्यांचा वाटा

बोर्बन म्हटलं की सोलापूरच्या माणसाला बिस्किट आठवतं. चॉकलेटी, मधे क्रीम, वर साखरेचे दाणे. त्यामुळे अमेरिकेत राहणारा माझा कॉलेजमधला मित्र व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "मी हल्ली बोर्बन जमवतो," तेव्हा मी सहज विचारलं, "मुंग्या लागत नाहीत का रे?"

तो पोट धरून हसला. मग त्यानं कॅमेरा फिरवला. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर बाटल्या. बोर्बन म्हणजे अमेरिकेतली व्हिस्की. निम्म्याहून जास्त मका, किमान ५१ टक्के, आणि आतून जाळून काढलेली ओकची नवी कोरी पिंपं. त्या पिंपात ती वर्षानुवर्षं मुरते. १९६४ साली तिथल्या काँग्रेसनं ठराव करून बोर्बन हे खास अमेरिकेचं पेय असल्याचं जाहीर केलं. काही बाटल्यांसाठी लोक दुकानाबाहेर रात्रभर रांग लावतात, असंही त्यानं सांगितलं. आपल्याकडे रेशनच्या रॉकेलसाठी लावायचे तशी.

"मग पितोस कधी?" मी विचारलं.

तो गप्प झाला. "यातल्या बऱ्याच उघडलेल्याच नाहीत," म्हणाला. "उघडल्या तर संपतील ना."

बोर्बनशी माझा संबंध यायचं कारण नाही. जिला शरियत हराम म्हणते आणि जिच्यासाठी महाराष्ट्र सरकार १९४९च्या कायद्यावर बोट ठेवून परवाना मागतं, तिच्या वाटेला कशाला जा? पण ते वाक्य मात्र मला ओळखीचं वाटलं. मी मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेलो आणि माझं कपाट उघडून त्याला दाखवलं.

एकशे बेचाळीस शिश्या. अत्तराच्या.

आता तो म्हणाला, "अरे बापरे!" स्वतःच्या भिंतीकडे पाहून हे त्याला सुचलं नव्हतं.

याची सुरुवात अगदी शहाण्यासारखी झाली होती. माझे अब्बा पॉवरलूमवर कामाला होते. आयुष्यभर त्यांच्याकडे एका वेळी एकच अत्तराची शिशी असायची. जुम्याच्या दिवशी आंघोळ झाली की कापसाचा फाया करून त्यावर एक थेंब घ्यायचे आणि तो फाया कानाच्या वरच्या खोबणीत ठेवायचे. कोणतं अत्तर, असं विचारलं तर "वोईच, हमेशा का," एवढंच सांगायचे. ते गेल्यावर पेटीत रिकामी शिशी सापडली. चिठ्ठी नाही, नाव नाही. वासही उडून गेलेला. मी ठरवलं, हे अत्तर शोधून काढायचं. बस, एक शिशी.

पहिली घेतली गड्ड्याच्या यात्रेत. हिना निघाली. छान होती, पण अब्बांची नव्हती. मग मजमुआ घेतलं. मग शमामा, ज्यात मसाल्याचं अख्खं दुकान रिचवलेलं असतं. मग गुलाब, केवडा, खस. 'हे नाही' असं म्हणायला तरी आधी विकत घ्यायलाच हवं ना, असा माझा तर्क होता. दहाव्या शिशीनंतर अब्बांचं अत्तर बाजूला राहिलं आणि शोधच पुढं चालू लागला.

छंद लागला की माणूस नको तितका शिकतो. कनौजला तांब्याच्या डेगेत पाणी आणि फुलं घालून झाकण मातीनं लिंपतात, खाली लाकडाचा जाळ करतात आणि बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात उतरवतात. भपक्यात चंदनाचं तेल असतं, ते त्या फुलाचा वास धरून ठेवतं. मिट्टी अत्तरासाठी फुलंही लागत नाहीत. भाजलेल्या मातीचा अर्क काढतात आणि शिशी उघडली की पहिला पाऊस. सोलापुरात मी तो पाऊस तीन शिश्यांमधून साठवून ठेवला आहे, कारण आमच्याकडे खरा कधी येईल याचा भरवसा नाही. आणि ऊद! अगरूच्या झाडाला बुरशी लागली की ते स्वतःला वाचवण्यासाठी राळ तयार करतं, त्यातून हा वास येतो. निरोगी झाडाला वास नाही, आजारी झाडाच्या लाकडाला सोन्याचा भाव. हे मी बायकोला कौतुकानं सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमचा भाव पण वाढला असंल आतापर्यंत."

बायकोची तक्रार साधी आहे. "कपाट में कपडे कू जगा नै, शीशियां कू है! घर है के दुकान?" मी शिश्या लपवायला लागलो. मोज्यात, पुस्तकांमागे, एकदा तर गव्हाच्या डब्यात. त्या आठवड्यात घरच्या चपात्यांना केवड्याचा वास होता. मुलगी म्हणाली, "अब्बू, आज शीरखुर्मा चपाती है क्या?" मी मान खाली घालून जेवलो.

हैदराबादला एका लग्नाला गेलो, तेव्हा लाड बाजारात बायकोच्या बांगड्या वीस मिनिटांत झाल्या. मी चारमिनारजवळच्या अत्तरवाल्याकडे तीन तास बसलो. दोन्ही हातांवर जागा उरली नाही, तेव्हा त्यानं मुलाचा हात मागितला. दुसऱ्या दिवशी बायको आम्हाला सालारजंग म्युझियमला घेऊन गेली. एका माणसानं जमवलेल्या वस्तूंनी दालनंच्या दालनं भरलेली. ती म्हणाली, "यांना घरात कुणी बोलणारं नव्हतं का?" मी म्हटलं, "नव्हतं. तिसऱ्या सालारजंगांनी लग्नच केलं नाही." ती बराच वेळ त्या घड्याळाकडे बघत राहिली. मला वाटतं, ती त्या न झालेल्या बेगमेचं नशीब मोजत होती.

एकदा मीही मोजायला बसलो. एका शिशीत सरासरी तीन मिली धरलं, तर ४२६ मिली. एका मिलीत तीस थेंब धरले, तर १२,७८० थेंब. दर जुम्याला एक थेंब, वर्षाला ५२. म्हणजे हा साठा संपायला २४५ वर्षं लागणार. माझं वय ५४. हा हिशोब मी वहीतून फाडून टाकला.

त्या मित्राकडून मला एक गोष्ट कळली. पिंपातली व्हिस्की दरवर्षी थोडी थोडी उडून जाते. तिकडचे लोक तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. हे ऐकल्यावर मी कपाटातल्या काही जुन्या शिश्या उजेडात धरून पाहिल्या. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो आणि आमची खोली पत्र्याची. गुलाबाच्या एका शिशीची बुचं सैल होऊन ती निम्मी झाली होती. मुलीच्या लग्नासाठी म्हणून जपलेली, एकदाही न लावलेली. फरिश्ते आमच्याकडेही येऊन गेले होते आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

शेजारच्या चाचांना मी हे सांगितलं. ते अब्बांबरोबर एकाच शेडमध्ये लूम चालवायचे. रिकामी शिशी त्यांच्या हातात देऊन मी विचारलं, "चाचा, तुम्हाला तरी आठवतं का, कोणतं होतं?" त्यांनी शिशी हुंगलीही नाही. म्हणाले, "बेटा, अत्तर साधंच होतं. स्वस्तातलं. पण तुझा बाप घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला सुताची खळ असायची, लूमचं तेल असायचं, बिडी असायची. ते धुऊन जायचं नाही. त्यावर तो थेंब लावायचा. तू शोधतोस ते दुकानात कुठून मिळणार?"

त्यानंतरही मी अकरा शिश्या घेतल्या. माणूस लगेच सुधारत नाही.

मागच्या उन्हाळ्यात चाचा गेले. रात्री दीडच्या सुमाराला. फजरनंतर दफन ठरलं. कफनाचं कापड मशिदीत होतं, कापूर होता, पण अत्तराची शिशी वाळून गेलेली, आणि त्या वेळी दुकान कुठलं उघडं असणार? ग़ुस्ल देणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, "अरे, यांच्याकडे असेल की." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी घरी आलो, कपाट उघडलं. आणि आता जे सांगतो ते सांगायला लाज वाटते. माझा हात ऊदकडे गेला नाही. तो आपोआप खालच्या फळीकडे गेला, जिथं मी स्वस्तातल्या, दुसऱ्यांना द्यायच्या शिश्या ठेवतो. एक उचलली, जिन्यापर्यंत गेलोही. मागून बायको म्हणाली, "कोणती घेतली?" एवढंच. आवाजात टोमणा नव्हता. मी उत्तर दिलं नाही.

मी परत फिरलो. ऊदची शिशी काढली. सहा वर्षांत तिचं सील फोडलं नव्हतं. घाईत फोडताना नख तुटलं. कफनावर अत्तर लावताना त्या लोकांनी हात आखडता घेतला नाही, आणि मीही थांबा म्हटलं नाही. शिशी रिकामी झाली. छोट्या खोलीत कापूर, ऊद आणि घाम यांचा मिळून एक वास झाला होता, जो कुठल्याच शिशीवर लिहिलेला नसतो. अब्बांचा नव्हता तो. पण मी बराच वेळ तिथून हललो नाही.

आता दर जुम्याला एक शिशी मशिदीत घेऊन जातो आणि दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला लावतो. पोरं दोनदा रांगेत येतात. चार महिन्यांत एकशे बेचाळीसच्या एकशे पंचवीस झाल्या. २४५ वर्षांचा हिशोब झपाट्यानं खाली येतोय.

मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, या दिवाळीला चार जणांना बोलावून एक बाटली उघडणार आहे. कोणती ते अजून ठरत नाही. मी म्हटलं, "खालच्या फळीवरची नको काढूस."

परवा बायकोनं कपाटातली रिकामी झालेली फळी पुसली आणि तिथं साड्या लावल्या. मी काही बोललो नाही. साड्यांच्या मागे दोन शिश्या आहेत, ते तिला अजून माहीत नाही.